आजीचं बोट

३ नोव्हेंबर, सोमवार
नवजात कक्षात नऊ बाळं, तोंडाने दूध प्यायला शिकवायला माझ्याकडे पाच. बपेऱ्याच्या प्रतीक्षाची मुलगी दोन महिने आधीच आलेली, आज वजन एक किलो तीनशे. दूध नळीने. तिला चोखायला शिकवायचं आहे. हातमोजा घालून करंगळी दिली तोंडात. तीनदा चोखलं, मग कंटाळली बया.
प्र. वरच्या मजल्यावर, बी.पी. उतरत नाही. नवरा धान कापायला गावी. म्हणून तिची सासू कौसल्याबाई बाळाला उबेसाठी छातीशी घेऊन बसते. चार-चार तास हलत नाही, खोकलासुद्धा गिळते. आवडते मला ही म्हातारी.

५ नोव्हेंबर, बुधवार
प्र.ची मुलगी : सात वेळा चोखलं. आजी माझ्या बोटाकडे टक लावून.
"बोटाले काय लावता मॅडम?"
"मायच्या दुधाचा थेंब."
पुढच्या बाळाची घाई होती. एवढंच बोलले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
प्र.च्या मुलीचं पोट फुगलं. दूध बंद, सलाईन, औषधं सुरू. सिस्टरला आजीच्या पदराच्या गाठीत मधाची बाटली सापडली. आजीने लपवलं नाही. "पोरगी बोट चोखते त जरासं सहद लावलं. माह्या पाचही लेकरायले पयलं सहदच देल्लं."
डॉक्टर भडकले. "बोट द्यायला कोणी सांगितलं?"
आजीने माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही.
मीही नाही.
आजीला आत बंदी.

८ नोव्हेंबर, शनिवार
छातीशी घ्यायला कोणी नाही. मुलगी ऊब देणाऱ्या यंत्राखाली, मुठी वळून पडलेली. वजन चाळीस ग्रॅमने कमी. आजी बाहेर बाकावर. मी जाताना तिने डबा बाजूला सरकवून मला जागा केली. बसले नाही. लाज वाटली.
घरी वरठीपर्यंत गाडी चालवताना तेच डोक्यात. टक लावून बघणाऱ्या बाईला हातमोजा कशाला, मध का नाही, हे सांगायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं.

१० नोव्हेंबर, सोमवार
डॉक्टरांना सांगितलं. बोट तिने माझं पाहून दिलं, मी समजावलं नव्हतं, आणि शुक्रवारी मी गप्प राहिले.
त्यांनी बाळाचे कागद चाळले. मग म्हणाले, पोट मधानेच फुगलं असं छातीठोक सांगता येत नाही, इतक्या लहान बाळांचं असंही होतं. पण मध चालणार नाही म्हणजे नाही. आजीला आत घ्या, जबाबदारी तुमची.
आजीलाही सांगितलं, चूक माझी होती.
"तुमी पुरतं सांगतलं नाही, मी पुन्हा इचारलं नाही. आता सांगा."
सांगितलं. सगळं. मधाची बाटली स्वतःच कचऱ्यात टाकली तिने.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पोट उतरलं. कालपासून दूध परत सुरू, नळीनेच. आजी हात धुते आणि दोन्ही हात वर धरून कक्षापर्यंत चालत येते. दार पाठीने ढकलते. वाटेत कोणी नमस्कार केला तर मानेनेच. सिस्टर हसतात. हसू दे.
हातमोजा घालून आजीचं बोट : अकरा वेळा! माझं बोट कधी इतकं नाही चोखलं. थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

१७ नोव्हेंबर, सोमवार
प्र. पहिल्यांदा चाकाच्या खुर्चीवरून खाली आली. बाळाला अंगावर घेतलं. मुलीने ओठ लावले, चाटलं, तोंड फिरवलं. तीनदा तेच. प्र. रडवेली. "मले ओळखत नाही हे."
आजीने करंगळी पुढे केली की लगेच चोखणार, हे आजीला आणि मला माहीत. मला वाटलं करेलच. आजीने हातमोजा काढला, कचऱ्यात टाकला, हात पदराखाली घेतले.
"माहं बोट आता नाही भेटत तिले. इथंच राहू दे मायजवळ."
बरोबर की चूक, माहीत नाही. दुपारी डॉक्टरांना विचारायचं आहे. माझा हातमोजा खिशात होता, मीही तो घातला नाही. बसलो तिघी. पुढचं नळीचं दूध द्यायला वीस मिनिटं होती. मुलगी जागी होती, प्र.च्या अंगाला गाल लावून, तोंड थोडं उघडं.