ब्रेकची सळई

आबा, तुमची मोटार सुरू झाली. तुम्ही गेल्यापासून नऊ वर्षं ती वलवणला आपल्या गोठ्यात उभी होती. तुम्ही ज्यांची गाडी चालवायचा त्या शेटनी नवी गाडी घेऊन ही जुनी तुम्हाला देऊन टाकली आणि पुढच्याच वर्षी तुम्ही तापाने गेलात. मी शाळा सोडून लोणावळ्यात एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. गाडीच्या टपावर कोंबड्या बसत. मग लढाईमुळे लोखंडाला भाव आला आणि भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला. आई म्हणाली, "दिवाळीपातुर बघ. चालली तर तुजी, न्हाई तर त्याची."

स्टेशनावरून बंगल्यांकडे उतारू नेता आले तर घर चालेल, एवढाच माझा हिशेब होता. टायरांसाठी म्हैस विकली. तिचं दावं आईने स्वतःच सोडलं, आणि तेव्हापासून आम्ही कोरा चहा पितो. टपाला जुन्या तंबूचं कापड शिवलं. ब्रेकला अस्तर विकत घेणं शक्यच नव्हतं, म्हणून कामशेतच्या एका बंद पिठाच्या गिरणीचा पट्टा मागून आणला, कापला आणि तांब्याच्या रिव्हेटांनी ठोकला. दोन्ही चाकं सारखी धरेपर्यंत सहा वेळा उतरवून पुन्हा बसवला. पायापासून ब्रेकपर्यंत जाणारी सळई मात्र तुम्ही घडवून घेतलेलीच ठेवली. पट्टा धरायचा चांगला, पण कोरडा असल्यामुळे फार कुरकुरायचा.

तुम्ही रोज सकाळी गाडी बंगल्याच्या फाटकापर्यंत आणून आधी थांबवून बघायचा, ते मला आठवतं. शेटाणीबाई पायरीवर खोळंबलेल्या असत. एकदा त्या म्हणाल्या, "अरे, तुला गाडी चालवायला ठेवलाय की थांबवायला?" तुम्ही खाली बसून ब्रेकच्या पट्ट्यावरून बोट फिरवत होता. वर न बघताच म्हणालात, "बाई, चालवता कुणालाबी येतं." त्या हसल्या. मीही हसलो, तर घरी आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "हसायचं काम न्हाई. हात लावल्याबगर कुणाला गाडीत बसवायचं न्हाई." हे वाक्य मी मिस्त्रीकडे कितीतरी जणांना तुमचं म्हणून सांगितलं आहे.

दसऱ्याला मी हात लावला नाही. नवा सदरा होता, मोटारीला झेंडूची माळ होती, नारळ फुटला होता आणि सारी आळी बघत उभी होती. सगळ्यांसमोर चाकापाशी उकिडवं बसायची मला लाज वाटली. आई मागे बसली, शेजारचे भाऊ माझ्या बाजूला. कुरवंड्याला मावशीकडे सोनं द्यायला निघालो. जाताना सगळा चढ, त्यामुळे ब्रेकचं काम पडलं नाही. परतताना उतारावर समोर बैलगाडी दिसते. मी पाय दाबतो. सगळा जोर लावतो, तरी गाडी तशीच पळत राहते. हातब्रेक ओढतो, वेग थोडासा उतरतो, पुरेसा नाही. आई मागून फक्त "आगं आई" एवढंच म्हणते. मी गाडी बांधावरून कुणाच्यातरी उभ्या भातात घातली.

कुणी मेलं नाही. आईचं मनगट मुरगळलं, एक दिवा फुटला, पुढचा आख वाकला. भाऊ चिखलातून बाहेर येता येता ओरडले, "आरं, तुझ्या बानं थांबवायचं शिकिवलंच न्हाई व्हय?" शेतातली माणसं गोळा झाली. आई बांधावर हात धरून बसली होती. मी जवळ गेलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "आन् मी तर काल नवमीला त्याला तेलबी पाजलं रं. लय कुरकुरत व्हतं." मी मागच्या चाकाला हात घातला. पट्टा करंजाच्या तेलाने निथळत होता, तो चाक धरणार कसा; बोटाला हळदही लागली. मी मिस्त्रीच्या दुकानातल्या पूजेला गेलो असताना तिने घरी नांगर आणि विळे धुऊन, तेल लावून पुजले होते, आणि आपल्या बैलगाडीच्या आखाला देते तसं मोटारीच्या चाकांनाही दिलं होतं, मायेने, भरपूर.

तेवढ्यात भाऊ आले. "काय तुटलं?"

मी म्हणालो, "ब्रेकची सळई. आबांनी घडवून घेतलेली."

आई माझ्याकडे बघत राहिली. "त्येंचं काम कच्चं नसायचं," एवढंच म्हणाली.

आता भाऊ स्टेशनावर सगळ्यांना सांगतात की पोराचा हात चांगला आहे, बापाचं काम जुनं झालं होतं. पट्टे मी रॉकेलमध्ये धुतले, ज्यातलं तेल निघेना तो तुकडा बदलला, आख सरळ केला. भंगारवाल्याला परत पाठवलं. परवा पहिले उतारू नेले, आणि निघण्याआधी चाकाला हात लावला. पण आई तुमची बाजू मांडत फिरते, आबा. नळावर, बाजारात, कुणीही न विचारता. "सळई केली तवा ताप व्हता त्येंच्या अंगात. हात थरथरायचं. त्येंचा काय दोष?"

आईला वाईट वाटू नये म्हणून तसं बोललो, असं मी लिहिणार होतो. पण तेलाचं तिने एकट्या मलाच सांगितलं होतं. पट्टा बघायचा राहिला, चूक माझी, एवढं म्हटलं असतं तरी तिचं नाव कुठेच आलं नसतं. मग माझ्या गाडीत कोण बसलं असतं, ही मला भीती होती, आणि तुम्ही उठून काही बोलणार नव्हता. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. सळई धड आहे. तीच पुन्हा बसवली आहे. कुणी ओळखू नये म्हणून मी तिला काळा रंग दिला.