गाडीवरचा आवाज

अवसरी बुद्रुक
ता. ३ फेब्रुवारी

चि. हर्षालीस हौशीरामकाकाचे अ. उ. आ. वि. वि.

तू शिकवतेस त्या शाळेत दाखवलेला सिनेमा डोक्यातून जात नाही. एक जमात दुसरीला मुळासकट संपवायला निघते आणि गिरणीवाली बाई शेजाऱ्यांना पिठाच्या कोठीत लपवते. सगळे त्या बाईसाठी रडले. मी मात्र भोंग्यावरून कुणाकुणाची घरं गाठायची ते सांगत फिरणाऱ्या माणसाकडं बघत होतो. आवाज लई चांगला होता त्याचा. आपल्याच धंद्यातला.

आता खरी गोष्ट. कांदाकाढणीला आलेली परराज्यातली कुटुंबं ओढ्याकाठी पालं ठोकून आहेत. ती पोरं पळवतात, असं कुणीतरी मोबाइलवर सोडलंय. काल तरुण मंडळाचा म्होरक्या, तो आदेश, पोरं घेऊन आला. रविवारी बाजारात मी भोंग्यावर सांगायचं, की सांजपर्यंत पालं उठवा, पुढं काय झालं तर गाव जबाबदार नाही. मीच का, विचारलं, तर म्हणाला, तुमच्या आवाजावर लोकांचा विश्वास आहे. मयत, वीजबंद, हरवलेली म्हैस, सगळं मीच सांगतो ना. घसा बसलाय म्हणून वेळ मारून नेली. यात्रांत भोंगे लावायची कामं याच पोरांच्या हातात आहेत, हे तुझी काकी भाकरी वाढताना रोज ऐकवते.

फोनवर बोललो तर माझ्या स्पीकरच्या दुकानातले कान टवकारतात, म्हणून हे दूधगाडीवाल्या धर्माजीबरोबर. माया आहे तेवढी ठेव, उपदेश कमी कर.

तुझा काका

आळे
ता. ५ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. घसा बसलेला माणूस लांबून हाका मारत होता, असं धर्माजी हसत सांगत होता. सोंग तरी नीट करा. काका, तुम्ही गप्प राहिलात तरी ती पोरं पालांवर जातील, पण तुम्ही बोललात तर त्यांच्यामागे अख्खा बाजार जाईल. मी पोलिसांना फोन केला, बघतो म्हणाले. तुम्ही चार दिवस इकडे निघून या. सिनेमाची हौस माझी आणि भोगायचं तुम्ही, हे मला सोसणार नाही.

रागवा, पण जिवाला जपा.

आपली हर्षाली

अवसरी बुद्रुक
ता. १० फेब्रुवारी

चि. हर्षालीस अ. उ. आ. वि. वि.

आलो नाही. काल भर बाजारात आदेशनं माइक हातात दिला. मी म्हणालो, "हौशीराम बोलतोय. ज्याचं पोर हरवलंय त्यानं पुढं यावं." कुणी येईना. मग म्हणालो, "कुणाचंच हरवलं न्हाई. ही माणसं आपला कांदा काढायला आलीत. सांजच्याला मी त्यांच्या पालापाशी बसणार हाय."

आदेशनं वायर उपटली. "काका, तुमी संपला आता," एवढंच बोलला.

दुकानातली खुर्ची नेऊन ओढ्याकाठी बसलो. पोरं काठ्या घेऊन आली, लांबून शिव्या देऊन गेली. आदेश तेवढा थांबला. पालातल्या बाईनं, तो कोण हे न कळता, त्यालाही चहा आणला. त्यानं घेतला नाही, पण मी उठेपर्यंत जागचा हललाही नाही. राखण करत होता की डाव धरून होता, कळलं नाही.

आज दोन गावांनी यात्रेचं काम काढून घेतलं. काही पालं पहाटेच निघून गेली, काही आहेत. उद्याही बसणार. काकी बोलत नाही, डबा मात्र भरून देते.

मी मागं सरलो तर माझं नाव टाक, तोवर आशीर्वाद.

तुझा काका

ता. ११ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

हे पत्र मी माझ्याच हातानं देतेय, तोंडानं सांगितलं तर तुम्ही परत पाठवाल. रजा टाकली आहे. उठू नका, खुर्ची मी आणलीय.

हर्षाली