दार वाजवायचं नाही

अहो,

बाजार उघडेपर्यंत दार वाजवायचं नाही, काही सांगायचं असेल तर लिहून दाराखालून सरकवायचं, हा तुमचा नियम पाळते आहे.

नानांच्या छातीत कळ आली आहे. डावा हात बधिर झालाय, घामाने सदरा भिजलाय. खालच्या मजल्यावरचे बाजवाजी गाडी काढताहेत. आम्ही नानांना सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात नेतोय.

तुम्ही घाई करू नका. काल तुम्ही आंघोळीला गेलात आणि तेवढ्यात तो पाइप कंपनीचा चिल्लर शेअर वर पळाला, म्हणून दिवसभर घर डोक्यावर घेतलं होतंत. आज तसं नको. वडिलांचं काय, ते काही सकाळी वीस टक्के वर जात नाहीत.

पोहे झाकून ठेवलेत. नानांचं मेडिकलचं कार्ड तुमच्या टेबलाच्या खणात, म्हणजे दाराच्या आत आहे. सवडीने घेऊन या.

मघाशी सोफ्यावरून नानांनी तुम्हाला दोनदा हाक मारली. पहिली ऐकू आली नसेल, असं धरून चालते. दुसरी आली, कारण तुम्ही आतून जोरात ‘श्श्श’ केलंत. मी दार ठोठावायला निघाले, तर त्यांनीच माझा हात धरला. म्हणाले, “नको सूनबाई, त्याचा बाजार उघडायचाय.”

तेव्हापासून कळ आली की ते पंचा तोंडात धरतात. आवाज तुमच्यापर्यंत जाऊ नये म्हणून.

पद्मिनी