नाव घेतल्यावर थोडं थांबावं

मी, श्रीमती बाळाबाई ज्ञानू चौगुले, वय ६९, राहणार उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दाब नाही. शाळेत गेले नाही. मुलगी क्रांती हिच्या चौथीच्या पुस्तकावर, ती नाहीशी झाल्यानंतर, अक्षरं शिकले. चूकभूल माझी.

१. दोन खोल्यांचं राहतं घर क्रांतीच्या नावे. रविवार, १९ जानेवारी २००३ रोजी सकाळी दहाला ती दळण आणायला गेली, वय नऊ. तिला पांढऱ्या जीपमध्ये ओढून घेताना गिरणीवाल्याने पाहिलं. वकील म्हणाले, सात वर्षं पत्ता नसला की मयत धरता येतं. मी तसं लिहू दिलं नाही. ती येईपर्यंत घर माझी पुतणी मनाली हिने वापरावं. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं कामही तिचंच. दाराला आतून कडी घालू नये.

२. माझे पती कै. ज्ञानू रिक्षाला भोंगा बांधून गावोगाव पुकारा करत. जत्रा, सेल, हरवलेली म्हैस, लोकांची हरवलेली पोरं. त्या दिवशी त्यांनी माईक हातात घेतला तेव्हा माझे दीर बाबासो यांनी वायर उपसली. म्हणाले, "लेकीचं नाव भोंग्यावर घेतलंस तर उद्या तिला सून करून कोण घेणार? सांजपातूर थांब की." ज्ञानूंनी माझ्याकडे बघितलं. मी थांबा म्हणून मान हलवली. पुकारा दुसऱ्या दिवशी झाला. तोवर जीप कागलच्या पुढे, कर्नाटकात गेली होती. बाबासोंना मी माफ केलेलं नाही. ती वायर मी जपून ठेवली आहे, ती त्यांना द्यावी. माझी मान माझ्याबरोबर जळेल.

३. भोंगा, अँप्लिफायर आणि पुकाऱ्याची कॅसेट मनालीला. ती बाबासोंचीच मुलगी, पण वायर उपसणाऱ्यांतली नाही. कॅसेट त्या पुकाऱ्यासाठी बंद खोलीत भरली, ज्ञानू आणि मी दोघंच होतो. ज्ञानू म्हणतात, "क्रांती ज्ञानू चौगुले, वय नऊ, अंगात पिवळा फ्रॉक." मग पोरीचा आवाज येतो, "आले." बाहेरचं पोर असेल, असं ज्ञानू मरेपर्यंत म्हणत होते. गेल्या वर्षी मनालीने कॅसेट मोबाईलवर उतरवली. ज्ञानूंचा आवाज उतरलाच नाही. तो एक शब्द तेवढा उतरला.

४. विजांची सूचना असली की सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजतात. पळवलेल्या पोरासाठी तसेच देशभर वाजावेत म्हणून मी सहा वर्षं दिल्लीला अर्ज करते. पोचपावत्या ट्रंकेत आहेत. पुढचे अर्ज मनालीने करावेत, आणि यंत्रणा उभी राहिली तर दोन नियम मागून घ्यावेत. पोर पळवल्याचं कळताच वाजवावं, घरच्यांना अब्रूचं विचारत बसू नये. आणि नाव घेतल्यावर लगेच दुसरं काही वाजवू नये. थोडं थांबावं, ऐकावं. पोरं लांब असतात, उत्तर यायला वेळ लागतो.

सही करण्याआधी कॅसेट साक्षीदारांना ऐकवली. काय ऐकलं ते त्यांनी आपापल्या हाताने लिहावं.

ठिकाण: उचगाव. दिनांक: १९ जानेवारी २०२५
सही: बाळाबाई ज्ञानू चौगुले

साक्षीदार १: अमरसिंह पोवार. ऐकली. पोरीचा आवाज आहे.

साक्षीदार २: प्रियदर्शनी कांबळे. ऐकली. आवाज दाराकडून आला.