जंतमुक्त वाडीच्या सदतीस डब्या

३ नोव्हेंबर, सोमवार
लांज्याच्या लॅबमध्ये पर्मनंट झाले. घरातली पहिली बी.एस्सी. मी, आता वाडीसाठी काहीतरी करायलाच हवं. ठरलं. वाडीतल्या सदतीस मुलांची शी तपासायची, फुकट. मग नाक्यावर ‘जंतमुक्त वाडी’ असा बोर्ड. लॅबचे मालक अनिल सर म्हणाले, आधी जंत शोध, बोर्ड मग रंगव. सरांना व्हिजन नाही. येताना पेंटरला सांगूनच आले.

५ नोव्हेंबर, बुधवार
देवळात सभा. डब्या वाटल्या. एकही रिपोर्ट खराब येता कामा नये, वाडीच्या इज्जतीचा प्रश्न आहे, असं बजावलं. बायका एवढ्या गंभीर झाल्या की मला भरून आलं.
दादाची सानवी माझ्या मांडीवरच झोपली. सात वर्षांची, पण हल्ली सारखी झोपते. काल परसात माती खाताना सापडली. नखं पांढरी. नम्रतावहिनी डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होत्या. म्हटलं, थांबा, आधी रिपोर्ट.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सदतीसच्या सदतीस डब्या आल्या! झाकणांवर नावं सुवाच्य. एकाही डबीत जंताचं अंडं नाही. निम्म्या डब्यांत टोमॅटोच्या बिया. वाडीचा आहार किती एकसारखा! यावर पेपर लिहिता येईल.
सर म्हणाले, नमुने परत मागव, मी सही करणार नाही. माझ्या माणसांवर संशय? सदतीस सह्या मीच केल्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार
बोर्ड लागला. फोटो स्टेटसला.
सानवीला शाळेची चढण चढवेना, वाटेतच बसली. दादाचा मुंबईहून फोन. वहिनींपेक्षा माझ्यावर त्याचा विश्वास, शिकलेली म्हणून. रिपोर्ट क्लिअर आहे, वाढीचं वय आहे, असं सांगितलं. वहिनी काहीतरी बोलायला आल्या आणि तशाच चुलीकडे गेल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सानवीचे पाय सुजलेत. खजूर आणले. रोज दोन. आठवड्यात फरक दिसेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी तीन
रत्नागिरी. हॉस्पिटलचा बाक.
सानवी प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. हिमोग्लोबिन तीन पॉइंट सहा. रक्त चढवतायत. डॉक्टरबाईंनी माझा रिपोर्ट बघितला, बाजूला ठेवला आणि शी पुन्हा तपासायला लावली. हूकवर्म, रक्त पिणारे जंत. अंडीच अंडी.
वहिनींना विचारलं, मग त्या डबीत काय होतं?
“तुम्हीच म्हणालात ना ताई, खराब येता कामा नये. हिच्या पोटाचा काय भरवसा? भागोजीकाकांचा ओमकार कधी आजारी पडत नाही, म्हणून त्याची आणली. निम्म्या वाडीने त्याचीच नेली.”
बाकीच्यांनी कोणाची नेली, ते विचारलं नाही.
डॉक्टरबाई मघाशी बाहेर आल्या. वाडीत अजून मुलं किती, म्हणाल्या. छत्तीस, म्हटलं.
“त्यांना कोण तपासतंय?”
वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी सरांना फोन लावला, नमुने परत मागवायचेत.