गोलकीपरच्या घागऱ्यात बॉल

खेन्सानी, तुझ्या थोरल्या बहिणीचे, मिहलोतीचे, तुला पोटभर आशीर्वाद. तब्येत बरी आहे ना? लेक-सून नीट वागतात ना? जोहान्सबर्गची थंडी सोसवते का? इकडे सगळं ठीक. शेळी व्याली, आंबा मोहरला आणि मी गोलकीपर झाले.

हसू नकोस. (हसलीसच.) दवाखान्यातली नर्स म्हणाली, "आज्यांनो, नुसत्या गोळ्या किती गिळाल? हा घ्या बॉल!" लिम्पोपोतल्या इतर गावांत आज्या खेळतातच, मग आम्हीच काय घोडं मारलंय? मला पळवत नाही म्हणून गोलमध्ये उभं केलं. तुझे भावोजी मात्र बिथरले. जन्मभर रेडिओला कान लावून बसलेला माणूस (कोणत्या देशाचा कोण कधी पेनल्टी चुकला ते तोंडपाठ, आमच्या लग्नाची तारीख सोडून), पण बायकोने बॉलला पाय लावला की यांचं नाक कापलं जातं! "शेजारच्या रित्सुबा गावाशी मॅच हरलात तर बूट चुलीत," असं फर्मान काढून त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. जेवण हवं असलं की मला ऐकू जाईल अशा बेताने शेळीला सांगायचे.

त्यात पाद्री मालुलेकेंनी वेगळीच अडचण काढली. आज्यांचे गुडघे दिसता कामा नयेत! मग चड्डीऐवजी शिबेलानी नेसून खेळायचं ठरलं. आपला तो लोकरी घागरा नाचताना किती झुलतो ते तुला ठाऊकच आहे. त्याच्या चुण्यांत एखादी कोंबडी पिल्लांसकट मावेल.

मॅचला दोन्ही गावं लोटली. रित्सुबाकडून पुढे कोण खेळत होतं, सांगू? सासावोना! (हो, तीच. भावोजींचं जिच्याशी जवळजवळ ठरलं होतं ती. अजून कंबर ताठ आहे मेलीची.) शेवटपर्यंत कुणाचाच गोल होईना. तेवढ्यात ती आमच्यातल्या दोघींना चुकवून थेट माझ्यासमोर आली आणि जिवाच्या आकांताने बॉल हाणला. मी डोळे मिटले. धप्प! डोळे उघडले तर धुरळा आणि बॉल कुठेच नाही.

"चोरटे, बॉल काढ!" सासावोना किंचाळत अंगावर आली. मी घाबरून मागे सरले, खांबाशी अडखळले आणि गोलच्या आत फतकल मारून बसले. तेव्हा कुठे घागऱ्यातून बॉल घरंगळला, पण रेषेच्या आत की बाहेर, ते धुरळ्यात कुणाला नीट दिसलं नाही. रेफ्री होते आपले मथेबुला मास्तर. त्यांनी शिट्टी फुंकून गोल दिला.

आणि मग, खेन्सानी, गर्दीतून काठी उगारत कोण धावत आलं? तुझे भावोजी! "मास्तर, बायको आत गेली हे मान्य! पण बॉल बायकोच्या पुढे होता, तो बाहेरच!" मास्तर म्हणाले, "तुम्ही तर खेळ बघणार नव्हता, रिसिमाती?" "मी बघतच नव्हतो! पाद्रीबुवांना विचारा, ते रेषेशीच उभे होते." पाद्रीबुवा म्हणाले, "मी डोळे मिटून प्रार्थना करत होतो." मागून एक म्हातारी ओरडली, "मग मघापासून टाळ्या कोण पिटतंय?" सगळं मैदान हसलं, पण गोल काही फिरला नाही. आम्ही हरलो.

घरी येताना बूट भावोजींच्याच हातात होते. अंगणात आल्यावर मी म्हटलं, "टाका चुलीत." त्यांनी चुलीकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा शेळीला वगळून माझ्याशी बोलले, "असं हरून? आणि तेही सासावोनाकडून? उद्या पहाटे ऊठ." तेव्हापासून रोज पहाटे ते बॉल मारतात आणि मी अडवते. म्हणतात, "डोळे उघडे ठेव गं!" पुढच्या मॅचला मात्र चड्डी घालायची असं ठरलंय. पाद्रीबुवांच्या बायकोनेच शिवायला घेतल्यात, कारण आता तीसुद्धा खेळणार आहे.

तुझी,
मिहलोती

ता. क. आमची डाव्या बाजूची आजी लेकीच्या बाळंतपणाला गेली. शुक्रवारच्या बसने ये. लेकाला सांग, गावात कुणीतरी गेलंय. कोण, ते मी ठरवून ठेवते.

आणखी एक ता. क. तुला म्हणून सांगते, मी घाबरून पाठ फिरवली होती. बॉल मागच्या चुण्यांत होता, म्हणजे गोलच. हे यांना कळता कामा नये.

खेन्सानी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. बॉल बाहेरच होता. – रिसिमाती