चार स्क्रूंचं काम

प्रिय ठकू,

तू पाठवलेलं टेबल अखेर परवा भिंतीला पक्कं बसलं. धाकट्यानेच बसवलं. आधी बोटांनी भिंत वाजवून पोकळ कुठे, भरीव कुठे ते पाहिलं, पेन्सिलीने खुणा केल्या, मग प्लास्टरच्या पार आत, विटेत जातील अशी भोकं पाडली. त्यांत प्लग ठोकले आणि लोखंडी अँगल स्क्रूंनी आवळले. बाबा पलंगावरून मान उंचावून बघत होते. किती वजन पेलेल, असं त्यांनी विचारलं, तर हा पठ्ठ्या टेबलावर चढून बसला. म्हणाला, माझं पेलतंय, तुमचं काय घेऊन बसलात! किती दिवसांनी बाबा हसले. खाली सांडलेली भुकटीही त्यानेच पुसली, मला वाकू दिलं नाही.

बाबा आता वॉकर धरून दारापर्यंत जातात, त्यापुढे नाही. डावा पाय अजून पुरता टेकत नाही. पूर्वी खुर्चीतून उठताना हाताला लागेल त्या वस्तूवर सगळा भार टाकायचे. तू सुट्टीला आलीस तेव्हा ते तुझ्या बरोबर लक्षात आलं. रोज बघून माझ्या नाही आलं. म्हणून तर तू खुर्चीशेजारी आधाराला ते उंच, अरुंद टेबल घेतलंस आणि फोनवर दहादा बजावलंस, भिंतीला जखडल्याशिवाय वापरायचं नाही, मी धाकट्याला सांगितलंय.

ते पडले तेव्हा मी भांडी विसळत होते. आवाज ऐकून धावले, तर टेबल त्यांच्या अंगावर आडवं. खुब्याचं हाड गेलं होतं, आणि हे मलाच म्हणत होते, घाबरू नकोस. तू मिळेल त्या गाडीने आलीस. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात धाकट्याला म्हणालीस, चार स्क्रूंचं काम होतं, तेवढंही तुझ्याच्याने झालं नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी पिशवीत बाबांचा चष्मा शोधत राहिले. चष्मा माझ्या हातातच होता. त्या दिवसापासून तुम्ही बोलत नाही, चौदा महिने झाले. तो दर रविवारी येतो, बाबांची नखं कापतो, दाढी करून देतो, आणि जाताना हटकून विचारतो, ताई बरी आहे ना?

तो आला होता, ठकू. बाबा पडायच्या आधीच्याच रविवारी मित्राचं ड्रिल मशीन मागून आणून दारात उभा होता. बाबा झोपले होते. मीच त्याला परत पाठवलं. भिंतीला नुकता रंग दिला होता, आणि आधीचे दोन रविवार येतो येतो म्हणून आला नव्हता, त्याचा राग होता. आता भिंतीची चाळण नको, आमचं काही अडलेलं नाही, असं तोडून बोलले. एवढं होऊनही त्याने तुला कधी सांगितलं नाही, मलाही बोलून दाखवलं नाही. परवा निघताना चपला घालत एवढंच म्हणाला, ताईला कळव, टेबल बसवलं. फोन हातात घेतला, तो परत ठेवला आणि कागद घेतला. मला काय बोलायचं ते बोल, ऐकून घेईन. पण आधी त्याला फोन कर. सहानंतर तो घरी असतो.

तुझीच, चुकलेली,
आई